डाव्या कानातला मोती

मी मोती बोलतोय. माळेतला नाही, एकटा. हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा मोठा, रंगानं सायीसारखा आणि एका अंगाला जरा चपटा. माझ्या भोकातून सोन्याची एक बारीक तार गेलेली आहे. ती कापलेली आहे. माझी गोष्ट या तारेची आहे आणि ती मी जशी घडली तशी सांगणार आहे. आम्हा मोत्यांना रडायची सवय नसते, त्यामुळे तुमचा वेळ जायचा नाही.

बहारीनच्या समुद्रात माझा जन्म झाला. शिंपल्यात वाळूचा कण शिरतो आणि त्याचा मोती होतो, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. माझ्या पोटात वाळू कधीच नव्हती. माझ्या शिंपल्याला कसला तरी त्रास झाला, त्यानं त्यावर थर चढवले, झालं. थरावर थर एवढंच मोत्याचं बालपण असतं आणि त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

एका पाणबुड्यानं मला वर आणलं. कमरेला दोर, नाकाला चिमटा. होडीवर शेकडो शिंपले उघडताना त्यानं मला पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ पाहिलं आणि नाखव्याच्या फडक्यावर टाकलं. पहिल्या भेटीत माणसानं माझ्याकडे फारसं पाहिलं नाही ते बरंच झालं. पुढे ज्यांनी जास्त वेळ पाहिलं, त्यांनीच घोळ घातले.

त्या काळी बहारीनचा मोती मुंबईला जायचा. तसा मीही गेलो. तिथे मला भोक पाडलं, माझ्यासारखाच दुसरा शोधून जोडी लावली आणि ती जोडी नीमडुंगरच्या राजानं घेतली. नीमडुंगर हे माळव्याच्या कडेचं राजपूत संस्थान. नकाशावर अंगठा ठेवला तर राजधानीसकट झाकलं जावं एवढंच. पण तिथल्या लोकांचा रुबाब नकाशात मावणारा नव्हता.

राजाचा मुलगा उदयकरणसिंह बारा वर्षांचा झाला तेव्हा दरबारी सोनारानं आम्हा दोघांना त्याच्या कानांत घातलं. मी डाव्या कानात गेलो. तारेला तीन पीळ दिले, टोक दाबून टाकलं. नीमडुंगरची रीत अशी, की ही तार पुन्हा उघडायची नाही. झोपेत नाही, आंघोळीत नाही, आजारपणात नाही. काढायचीच झाली तर सोनारानं समोर बसून कापायची.

पोरगं कळवळलं, पण रडलं नाही. सगळे बघत होते ना.

उदयकरणसिंह विसाव्या वर्षी गादीवर बसला आणि चौतिसाव्या वर्षी संस्थान विलीन झालं. मधल्या काळात त्यानं एक तलाव बांधला, दोन शाळा काढल्या, पुष्कळ वाघ मारले. राज्य गेल्याचं त्याला वाईट वाटलं, पण तो दाखवायचा तितकं नाही. त्याला मनातून एकच व्हायचं होतं, लेखक. शिकारीवर एक आणि घोड्यांवर एक अशी दोन पुस्तकं त्यानं लिहिली होती. नातेवाइकांनी ती कौतुकानं घेतली आणि न वाचता कपाटात ठेवली.

मुंबईला समुद्रासमोरच्या घरात राहायला आल्यावर त्यानं स्वतःच्या आठवणी लिहायला घेतल्या. सांगताना तो येरझाऱ्या घालायचा. प्रत्येक वाक्य आधी पुटपुटायचा, मग मोठ्यानं सांगायचा. मी कानाशीच होतो. त्यामुळे त्यानं काय सांगितलं ते जगाला कळायचं आणि काय गिळलं ते मला.

सांगितलेलं टाइप करायला रोझलीन नावाची मुलगी यायची. वसईची, चोवीस वर्षांची, बोलायला कमी. पहिले सहा महिने ती 'येस सर' यापलीकडे काही बोलली नाही. मग एका दुपारी टाइपरायटरवरचे हात उचलून म्हणाली, "सर, चाळीस पानं झाली, नुसते वाघ मरतायत. यात तुम्ही कुठे आहात?"

राजाला असं विचारायची पद्धत नव्हती. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ती चाळीस पानं फाडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी त्यानं आईपासून सुरुवात केली. जनानखान्यात राखेवर बोटानं अक्षरं गिरवत, कोणाला न सांगता वाचायला शिकलेली आई. मी अठ्ठावीस वर्षं त्याच्या कानाशी होतो, पण ही गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुढची अडीच वर्षं असंच चाललं. तो सांगायचा, ती टाइप करायची, आणि कुठे खोटं वाटलं की तिचे हात थांबायचे. ती बोलायची नाही, नुसती थांबायची. तो चडफडायचा आणि वाक्य बदलायचा. दुसऱ्या प्रकरणात त्यानं माझी, तीन पिळांची आणि न उघडणाऱ्या तारेची हकीकत घातली. पाचव्या प्रकरणात आजोबांची. आजोबांच्या दरबारात राजांची स्तुती गाणाऱ्या एका चारणानं असं कवित्त म्हटलं, की त्यांनी तिथल्या तिथे सोनाराला बोलावून स्वतःच्या कानातला मोती कापून त्याला दिला. अंगावरचं उतरवून दिलं की ते दान सर्वांत मोठं. आणि कापलेली तार घेणाऱ्यानं तशीच ठेवायची असते. ती पुन्हा जोडली तर दान मोडतं.

पुस्तकाचं शेवटचं पान व्हायचं होतं, त्या दिवशी राजानं गल्लीतल्या सोनाराला वर बोलावलं. खुर्चीत बसून डावा कान पुढे केला. कट् असा आवाज झाला आणि एकतीस वर्षांनी मी त्याच्या कानातून बाहेर आलो.

"हे पुस्तक तुमच्यामुळे पुस्तक झालं," तो रोझलीनला म्हणाला. "आमच्याकडे अशा वेळी अंगावरचं देतात."

"सर, मला हे नको," ती म्हणाली.

"दिलेलं परत घ्यायची पद्धत नाही, मिस रोझलीन. पाचवं प्रकरण तुम्हीच टाइप केलंय."

त्यावर ती हसली. मला रुमालात बांधलं आणि पर्समध्ये ठेवलं. ते दोघे एकमेकांच्या प्रेमात होते का, असं तुम्हाला विचारायचं असेल. नव्हते. एका लेखकाला त्याचा पहिला वाचक भेटला होता. पण हे त्याच्या घरच्या लोकांना पटलं नसतं, हेही तितकंच खरं.

दोन दिवसांनी मी अजून त्या पर्समध्येच होतो आणि पर्स टाइपरायटरशेजारी होती. राजा आत आला. जेवणाच्या टेबलावर राणीसाहेबांना त्याचा रिकामा कान दिसला होता. धाकटा भाऊही तिथे होता. एका टायपिस्ट बाईला कानातला मोती दिला, हे त्याच्या तोंडून निघालं नाही.

"शेवटच्या प्रकरणात एक वाक्य घालायचंय," तो म्हणाला. मग त्यानं दोन येरझाऱ्या घातल्या. त्या वेळी तो काय पुटपुटला ते मला सांगता येणार नाही. मी आता त्याच्या कानाशी नव्हतो.

"लिहा. मुंबईच्या मुक्कामात माझ्या डाव्या कानातला मोती चोरीला गेला."

टाइपरायटर थांबला.

"कोणाचं नाव घेतलेलं नाही," तो म्हणाला. "घरात दुसरं काही सांगता येण्यासारखं नव्हतं."

या वेळीही तिनं थांबून पाहिलं. पण त्यानं वाक्य बदललं नाही. मग कळा पुन्हा वाजू लागल्या. तिनं ते वाक्य टाइप केलं, पूर्णविराम दिला, कागद काढून त्याच्यासमोर ठेवला आणि पर्स उचलली. परत ती त्या घरी गेली नाही. तिनं ते टाइप का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला. समोरचा बोलेल ते टायपिस्ट टाइप करते, हे एक उत्तर आहे. दुसरं मला अजून सापडलेलं नाही.

पुस्तक निघालं, गाजलं. लेखक म्हणून उदयकरणसिंहाचं नाव झालं. लोक म्हणाले, राजा असून किती खरं लिहिलंय.

रोझलीननं लग्न केलं, वसईत संसार केला. क्रुसामागच्या फळीवर पावडरच्या रिकाम्या डब्यात तिनं मला ठेवलं, तारेसकट, आणि शेजारी ते पुस्तक. कोणाला काही सांगितलं नाही. मुलगी अँजेलिना बारा वर्षांची असताना ती तापानं गेली.

अँजेलिनानं सतराव्या वर्षी ते पुस्तक फळीवरून काढलं. आई ज्यांच्याकडे कामाला होती त्या राजाचं पुस्तक म्हणून कौतुकानं वाचायला घेतलं आणि शेवटच्या प्रकरणात ते वाक्य आलं. तिनं पुस्तक मिटलं, डबा उघडला, माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी बोललो असतो.

तिनं फादरांकडे पापनिवेदन केलं, आईच्या वतीनं. फादर म्हणाले, चोरीची वस्तू मालकाला परत केल्याशिवाय क्षमा पुरी होत नाही. पण मालक तोवर वारला होता, वारस कुठे ते ठाऊक नव्हतं, आणि विचारायला जावं तर आईचं नाव चव्हाट्यावर. तेव्हा ती दर नोव्हेंबरला चर्चमध्ये आईच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगायची. शेजारणी म्हणायच्या, केवढी माया. ती काही बोलायची नाही. अशी चाळीसहून जास्त वर्षं गेली.

तिची मुलगी डायना बहारीनला नर्स आहे. राजधानी मनामात हॉस्पिटलजवळच्या दोन खोल्यांत तिच्या एका मैत्रिणीबरोबर राहते. तिच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप आला, की महाराजा उदयकरणसिंह यांच्या आठवणींची नवी आवृत्ती निघतेय आणि त्यांचा पणतू विनीतसिंह इथेच मनामात बँकेत आहे. आजी याच राजाकडे कामाला होती एवढं ठाऊक असल्यानं डायनानं ते आईला फोनवर वाचून दाखवलं. पुढच्या लीव्हला ती वसईला गेली, तेव्हा अँजेलिनानं डबा तिच्या हातात ठेवला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

"मी मरायच्या आधी त्यांचं त्यांना परत दे, बाय," ती म्हणाली. "माफी मागून दे."

असा मी शंभर वर्षांनी जन्मगावी परतलो. विमानातून, नर्सच्या हँडबॅगेत, पावडरच्या डब्यात बसून. समुद्र दिसला नाही.

विनीतसिंह फोनवर सभ्यपणे बोलला. "पहले टेस्ट करवा लीजिए," म्हणाला. "ऐसे मोती लेकर बहुत लोग आते हैं." म्हणून डायना मला मोती तपासायच्या प्रयोगशाळेत घेऊन आली. बहारीनला खऱ्या मोत्याचं भारी वेड, त्यामुळे अशा तपासणीची इथे उत्तम सोय आहे.

तिथे ज्योत्स्ना होती. अमरावतीची, यंत्रावर काम करणारी. आधी दोघी इंग्लिशमध्ये बोलल्या, मग फॉर्मवरचं वसई हे नाव वाचून ज्योत्स्ना मराठीत आली. तिनं मला एक्स-रेच्या यंत्रात ठेवलं. पडद्यावर माझे थर उमटले, एकात एक गोल.

"खरा आहे ताई तुमचा मोती," ती म्हणाली. "समुद्रातला, आणि इथलाच असंल बहुतेक. सायबांची सही झाली का रिपोर्ट देते." नजीबसाहेबांनी लांबूनच पडद्यावर नजर टाकली, "नॅचरल, खलास," म्हणाले आणि चहाला गेले.

"माझा नाही," डायना म्हणाली. "परत करायचाय. माझ्या आजीनं चोरला होता."

हे ती इतक्या सरळ म्हणाली, की ज्योत्स्नाचा हात थांबला. मग डायनानं तिला पुस्तक दाखवलं, ते वाक्य दाखवलं. ते पुस्तक ती आठवडाभर बॅगेत घेऊन फिरत होती. आजीचा गुन्हा पुन्हा पुन्हा वाचायचा नाद तिलाही लागला होता.

ज्योत्स्नानं वाक्य वाचलं. "आजी काय म्हणे?"

"आजी लवकर गेली. काही बोलली नाही."

"म्हंजे हे एकट्या राजाचं म्हणणं झालं," ज्योत्स्ना म्हणाली. "आमच्या लोकायबद्दल बी लय लिवून ठेवलं होतं ताई, जाडजाड पोथ्यायत. माह्या आज्यानं शिकून पह्यलं काम काय केलं, तर ते सारं स्वतः वाचलं. म्हणे, लिवणारा कुठंतरी चुकतेच, फक्त सारं वाचा लागते."

असं म्हणून तिनं मला सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. मोत्यासाठी नव्हे, तारेसाठी. बराच वेळ पाहत होती.

"ही तार कटरनं कापेल हाय. सोनाराच्या. पीळ जसेच्या तसे हायेत, तीन. ओढली असती तर पीळ सैल झाले असते. चोरानं हे असं सावकाश बसून कायले कापलं असंल?"

डायना पुढे सरकली. मग तिनं पुस्तक ओढून घेतलं. तिला दुसरं प्रकरण आठवलं होतं. न उघडणारी तार, सोनारानं समोर बसून कापायची. तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"मले सांगा," ज्योत्स्ना म्हणाली, "राजा जागा हाय, सोनार त्याच्या कानाशी कटर घेऊन बसला हाय, आन् मोती चोरीले जाऊन राह्यला. अशी चोरी असते का कुठं?"

डायना पानं उलटत होती. पाचव्या प्रकरणाशी थांबली. चारणाची गोष्ट. अंगावरचं उतरवून दिलेलं दान. कापलेली तार तशीच ठेवायची, जोडली तर दान मोडतं. हे वाचता वाचता तिनं पुस्तक पुढे केलं, आणि शेवटची ओळ ज्योत्स्नाला वाचावी लागली. हे प्रकरण आजीनंच टाइप केलं होतं, हे डायनाला माहीत होतं. आजीनं सोनाराकडे जाऊन तार जोडून घेतली नाही, कधी मला घातलं नाही, साठ वर्षं कोणी हात लावला नाही. याचं कारण चोराची भीती हे नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. मला फार बरं वाटलं. आम्ही मोती थंड असतो, पण दगड नसतो.

उदयकरणसिंहाची चूक पाहा. तो इतका चांगला लेखक झाला होता, की दुसऱ्या आणि पाचव्या प्रकरणात त्यानं सगळं तंतोतंत लिहिलं. मग शेवटच्या प्रकरणात एकच खोटं घातलं, ते आधीच्या खऱ्यात बसेना. जिनं त्याला खरं लिहायला शिकवलं, तिच्यावरच ते खोटं जाऊन पडलं. आणि त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. राजाचं पुस्तक लोक आदरानं वाचतात, नीट वाचत नाहीत.

विनीतसिंह मनामाच्या अदलिया भागातल्या एका कॉफीच्या दुकानात भेटला. तिशीतला, गोरा, अदबशीर. नव्या आवृत्तीची खोकी त्याच्या गाडीत होती. डायनानं रिपोर्ट टेबलावर ठेवला, मला ठेवलं, आणि पुस्तक उघडून दोन्ही प्रकरणं त्याच्यासमोर केली. माफी मागायला म्हणून आलेली बाई माफी मागत नाही, हे त्याला थोड्या वेळानं कळलं.

"हमारे घर में सब यही कहते थे, बंबई की टाइपिस्ट ले गई," तो म्हणाला.

"आमच्या घरीही तेच म्हणत होते," डायना हिंदीत म्हणाली.

त्यानं तार बोटांत धरून पाहिली. तीन पीळ मोजले. त्याच्या स्वतःच्या कानात काही नव्हतं, पण हात तिथे गेला. मग त्यानं मला तिच्या बाजूला सरकवलं.

"दी हुई चीज़ हम वापस नहीं लेते. यह आपकी दादी का है."

"नानी," डायना म्हणाली. "आणि ते वाक्य?"

विनीतसिंहानं कप बशीवर ठेवला. किताब छप चुकी है, म्हणाला. परदादांचे शब्द मी कसे बदलू, म्हणाला. पुढच्या आवृत्तीत खाली टीप घालू, इंशाल्ला. इथे इंशाल्लाचा अर्थ काय होतो ते डायनाला नऊ वर्षांत चांगलं कळलं होतं. तिनं मला डब्यात ठेवलं, कॉफीबद्दल त्याचे आभार मानले आणि टॅक्सी केली.

टॅक्सीतूनच तिनं आईला व्हिडिओ लावला. अँजेलिना ओट्याशी उभी होती.

"दिलास?" तिनं विचारलं.

"नाही. मम्मी, आजीनं चोरला नव्हता. राजानंच दिला होता. सोनाराला बोलावून, कापून." आणि मग डायनानं सगळं सांगितलं, तारेचं, पिळांचं, पाचव्या प्रकरणाचं. टॅक्सीवाला बालाजी आंध्रातला होता, मराठी कळत नव्हतं, पण त्यानं रेडिओ बंद केला.

अँजेलिनानं गॅस बंद केला. खुर्ची ओढून बसली. फोन कुठेतरी कलंडला असावा, पडद्यावर नुसतं छप्पर दिसत होतं.

"मम्मी? ऐकतेस ना?"

"म्हणजे माझी आई चोर नव्हती," छपराकडून आवाज आला. "आणि मी दर वर्षी देवासमोर उभी राहून तिला चोर म्हणत होते."

"तुला माहीत नव्हतं गं."

"विचारायचं सुचलं नाही. पुस्तकात होतं ना." टॅक्सी हॉस्पिटलच्या दारात येऊन थांबली, तरी डायना उतरली नाही. "शनिवारी पापनिवेदनाला जाते, बाय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं स्वतःचं पाप घेऊन जाते."

आता मी डायनाच्या खोलीत आहे, कपाटात, युनिफॉर्मच्या घडीखाली. डबा तोच, तार तशीच. अँजेलिना अधूनमधून फोनवर मला दाखवायला सांगते आणि डायना दाखवते. दोघी माझ्याशी काही बोलत नाहीत. तिकडे दुकानांत पुस्तकाची नवी आवृत्ती आली आहे. कागद चांगला आहे म्हणतात. शेवटच्या प्रकरणात मी अजून चोरीला जातोच आहे.

माझी काही तक्रार नाही. मी कोणाच्याही कानात असलो तरी तेवढाच गोल असतो. पण तुम्ही माणसं एकमेकांना काहीबाही देत असता, मोती देता, शब्द देता, आणि मग जेवणाच्या टेबलावर कोणी विचारलं की घाबरता. तेव्हा निरोप घेताना एवढीच विनंती. दिलं असेल, तर दिलं म्हणा.